अनोळखी गॉस्पेल गाणं, हातात अर्धा तास : बेस सुटतो तेव्हा काय काय तपासावं

गॉस्पेल म्हणजे चर्चच्या उपासनेतलं भक्तिगीत, आणि बेस म्हणजे खालचे स्वर देणारी बेस गिटार. आधी लक्षणं, कारण उपाय त्यांवरच ठरतो.

पहिलं कडवं बरं जातं, मग एका जागी गाणं हातातून निसटतं ते परत सापडतच नाही. किंवा सापडतं, पण दर कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला, तुम्ही अर्धी मात्रा मागे असता, कारण बाकीच्यांचं ऐकून मगच बोट ठेवता. कधी स्वर बरोबर असूनही खालचा आवाज इतका गढूळ होतो की काय वाजतंय ते तुमचं तुम्हालाच कळत नाही. कधी गायिका पट्टी चढवते, सगळे तिच्याबरोबर वर जातात आणि तुम्ही एकटे जुन्या पट्टीत राहता. आणि सगळ्यात जिवाला लागणारं म्हणजे, सगळे एकदम थांबतात आणि तुमचा एक स्वर मागे वाजत राहतो.

नेहमीचा बेसवादक आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला की ज्यांना फोन येतो, त्यांतला मी एक. उपासनेच्या आदल्या रात्री चार गाणी येतात, कधी तासभर आधी दोन येतात, आणि एखादं तर स्टेजवर उभं राहिल्यावरच कळतं. वरची पाचही लक्षणं मी स्वतः भोगली आहेत आणि एकेक करून दुरुस्त केली आहेत, माझीही आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या मुलांचीही. बहुतेक वेळा दोष बोटांत नसतो. आपण गाणं पाठ करायच्या मागे लागतो आणि त्या नादात दोन गोष्टी सुटतात : सा कुठे आहे, आणि या क्षणी आपण गाण्यात कुठे उभे आहोत. या दोन गोष्टी धरून ठेवणारा माणूस कधी न ऐकलेल्या गाण्यातही उभा राहतो.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे जातात. पहिल्या काहींना दोन-चार मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही, शेवटच्या एकीला महिने लागतात. वरच्या टाळून खाली उडी मारू नका. कानाचा रियाज कमी पडला म्हणून स्वतःला दोष देत बसलेल्या माणसाची तारच उतरलेली होती, असं मी पाहिलं आहे.

तार, कीबोर्डचं बटण आणि ऑर्गनचा डावा हात

ट्यूनरवर तारा लावा, पण तिथे थांबू नका. कीबोर्डवाल्याला सांगा, "एकदा नुसती पांढरी सहा द्या", आणि तुमच्या ए तारेशी ती जुळते का ते ऐका. हे मी प्रत्येक वेळी करतो, कारण आजच्या कीबोर्डांना पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण असतं. वादकाची बोटं पांढरी एकमध्ये फिरत असतात आणि आवाज काळी एकचा येत असतो. त्याच्या हाताकडे पाहून कॉर्ड ओळखणारा बेसवादक अशा वेळी पूर्ण गाणं अर्ध्या स्वराने चुकीचं वाजवतो आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चुकतोय. बटण चालू असेल तर हात पाहायचा नाही, फक्त ऐकायचं.

दुसरं, ऑर्गन. गॉस्पेलमध्ये हॅमंड ऑर्गनचं स्थान मोठं आहे. तो १९३५ साली बाजारात आला आणि ज्या चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हता त्यांनी तो घेतला. त्याच्या बी-३ या प्रसिद्ध मॉडेलला पायाने वाजवायच्या २५ पट्ट्या आहेत, म्हणजे ऑर्गनवाला एकटा स्वतःचा बेस वाजवू शकतो. पायपट्ट्या नसतील तर डाव्या हाताने वाजवतो. ज्याला वर्षानुवर्षं बेसवादकाशिवाय वाजवायची सवय आहे तो तुम्ही आल्यावर ती सवय आपोआप सोडत नाही. मग खाली दोन बेस होतात, तो सरळ उतरतो, तुम्ही वळसा घेता, आणि गढूळपणा तयार होतो. गाणं सुरू व्हायच्या आधी त्याच्याशी बोला : "खालचा भाग मी धरू का, का आज तुम्ही धरताय?" वयाने मोठा माणूस असेल तर विचारण्याची पद्धत तेवढी आदराची असू द्या. एवढ्या एका वाक्याने गढूळपणाच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

तरीही गढूळ वाटत असेल तर उभं राहायची जागा बदला. खुली, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली, ई तार सेकंदाला ४१ कंपनांची, पाच तारांच्या बेसवरची खालची बी तार ३१ ची. हे आवाज खोलीच्या कोपऱ्यात साचतात आणि दोन पावलं सरकलं की काही जागी जवळजवळ गायब होतात. अॅम्प खुर्चीवर ठेवून कानाकडे वळवा, बेसचं बटण थोडं उतरवा, मिड चढवा. आपला कान खालचा स्वर ओळखतो तो बऱ्याच अंशी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून. ते ऐकू आले की स्वर स्पष्ट होतो, आवाज वाढवून होत नाही.

आणि गाणं मोबाइलवर आलं असेल तर ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तो एवढासा स्पीकर बेसचे खालचे स्वर देऊच शकत नाही. तुम्ही कीबोर्डचा स्वर ऐकून तोच बेसचा समजता, आणि चूक घरूनच सोबत येते. हेडफोन लावा.

चार प्रश्न

पट्टी कोणती? मोजायचं कसं? पट्टी चढते का, किती वेळा, किती? संपतं कसं?

हे चार प्रश्न गायक किंवा क्वायर (गाणारा समूह) चालवणाऱ्या व्यक्तीला विचारायला मिनिटसुद्धा लागत नाही. तरी लोक विचारत नाहीत, कारण विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल ही भीती. माझा अनुभव उलटा आहे. जो विचारतो त्याच्यावर गायकाचा भरवसा बसतो.

पट्टी आधी यासाठी, की पाठवलेल्या रेकॉर्डिंगची पट्टी आणि आज गाणाऱ्या गळ्याची पट्टी एकच असेल याची काही खात्री नाही. गॉस्पेलमध्ये काळी चार, काळी एक, काळी दोन, काळी पाच, म्हणजे ए फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट या पट्ट्या फार येतात. गिटारच्या ई आणि जी मध्ये वाढलेल्या हाताला खुल्या तारांचा आधार लागलेला असतो, आणि डी फ्लॅटच्या पट्टीत तर ई, ए, डी, जी यांपैकी एकही खुली तार बसत नाही. घाबरलेला हात सवयीने खुली तार छेडतो आणि तिथेच चूक होते. म्हणून अनोळखी गाण्यात मी खुल्या तारा जवळजवळ वर्ज्य मानतो. याचा दुसरा फायदा पट्टी चढताना दिसेल.

चार तारांच्या बेसवर खालचा ई फ्लॅट नाही. ई तार अर्ध्या स्वराने उतरवून घ्यायचा मोह होतो. ऐनवेळी करू नका, त्या एका तारेवरचे सगळे फ्रेट (मानेवरच्या बोट ठेवायच्या जागा) सरकतात आणि हात गोंधळतो. ए तारेवरचा सहावा फ्रेट हाच तुमचा सा, तेवढ्यावर गाणं नीट होतं.

मोजायचं कसं, याचं उत्तर "चार" असं आलं तरी पुढे विचारा : प्रत्येक ठोक्यात दोन की तीन? संथ गॉस्पेलमध्ये चार ठोके आणि प्रत्येकात तीन असे बारा मोजायची पद्धत फार आहे. यामागे इतिहास आहे. गॉस्पेलचे जनक म्हटले जाणारे थॉमस डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवत. १९३२ साली ते शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये क्वायरचे संगीत दिग्दर्शक झाले, आणि ब्लूजची ती डोलणारी चाल उपासनेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तुम्ही सरळ दोन-दोनच्या हिशोबाने वाजवलंत तर स्वर बरोबर असूनही गाणं अडखळल्यासारखं वाटतं. वाजवण्याआधी पायाने चार आणि ओठांत बारा मोजून पाहा.

हाताच्या खुणा

खुणा आधी ठरवा, गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी मूठ म्हणजे थांबा, हवेत गोल फिरवलेलं बोट म्हणजे हेच पुन्हा, आणि वर केलेला अंगठा म्हणजे पट्टी वर. घोटाळा होतो तो बोटांच्या संख्येत. काही वादक बोटांनी कॉर्डचा आकडा दाखवतात, चार बोटं म्हणजे चौथी, म. काही जण बोटांनी पट्टी दाखवतात : बोटं वर असतील तितके पट्टीत शार्प (चढे स्वर), खाली असतील तितके फ्लॅट (उतरलेले स्वर). त्या पद्धतीत खाली केलेली चार बोटं म्हणजे ए फ्लॅटची पट्टी, वर केलेली चार म्हणजे ई ची. मला एकदा गाण्याच्या मधोमध चार बोटं वर दिसली, मी म वर गेलो, आणि सगळा ताफा ई च्या पट्टीत निघून गेला होता. तेव्हापासून खुणा विचारल्याशिवाय मी पट्टा खांद्याला लावत नाही.

एक कागद, आकड्यांचा

कॉर्डची नावं लिहू नका, आकडे लिहा. १ म्हणजे सा, ४ म्हणजे म, ५ म्हणजे प. आकड्यांची ही लेखनपद्धत अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूज यांनी सुरू केली, तीही अशाच गरजेतून, कारण दिवसाला अनेक नवी गाणी उभी करायची होती. आपल्याला तर सरगममुळे ती अर्धी अंगात असते. फायदा एवढाच की पट्टी बदलली तरी कागद बदलत नाही.

कागदावर काय हवं? वर पट्टी आणि मोजणी. मग कडव्याचे आकडे एका ओळीत, कोरसचे एका ओळीत, वॅम्पचे (शेवटाकडे पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) एका ओळीत. शेवटी कसं संपतं त्याचे दोन शब्द. झालं. पानभर लिहिलंत तर डोळे कागदात राहतात आणि मूठ दिसत नाही.

अर्धा तास असेल तर मी तो असा घालवतो : गाणं एकदा बेस हातात न घेता ऐकायचं आणि नुसते भाग मोजायचे. दुसऱ्यांदा सा कधी सुटतो आणि कधी परत येतो एवढंच टिपायचं. तिसऱ्यांदा थेट वॅम्पपासून शेवटपर्यंत, आणि हा भाग दोनदा. बहुतेक जण पहिलं कडवं दहा वेळा घोटतात आणि शेवट एकदाच ऐकतात. कडवं तर पुन्हा येणारच असतं, तिथे झालेली चूक दुसऱ्या फेरीत भरून निघते. शेवट एकदाच येतो.

कमी वाजवा

"अर्धी मात्रा मागे पडतो" या लक्षणावर हा पहिला उपाय. पहिल्या कडव्यात फक्त मूळ स्वर, फक्त समेवर. बाकी काही नाही.

कारण समजून घ्या, मग हात आवरणं सोपं जातं. कीबोर्डवर सा-ग-प दाबलेलं आहे. तुम्ही खाली सा दिलात तर ती १ ची साधी मेजर कॉर्ड. तुम्ही खाली ध दिलात तर त्याच तीन पट्ट्यांची ६ ची मायनर सेव्हन होते. वरच्या माणसाने काहीच बदललं नाही, तुम्ही बदललंत. गिटारवाल्याचा एक स्वर चुकला तर एक स्वर चुकतो, बेसचा चुकला तर सगळ्यांची कॉर्ड चुकते आणि गायकाचा पाय घसरतो. म्हणून शंका असेल तिथे स्वर देऊ नका. पण ठेका सोडू नका : डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने वाजवत राहा. 'टप' असा बिनस्वराचा आवाज येतो, ड्रमरला आधार मिळतो आणि कॉर्ड कुणाचीच बिघडत नाही. पुढची कॉर्ड कळली की स्वर द्या.

तीन वाटा

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अनोळखी गॉस्पेल गाण्यात गडबडून टाकणाऱ्या जागा असंख्य वाटतात, पण फिरून फिरून त्याच दोन-तीन वाटा येतात. त्या हातात बसल्या की गाणं नवीन राहतं, रस्ता नवीन राहत नाही.

पहिली वाट, ओळीचा शेवट किंवा गाण्याचा शेवट जवळ आला की खालून चढत जाणारी :

सा – ग – म – तीव्र म – प – ध – रे – प – सा

ए फ्लॅटमध्ये हेच ए फ्लॅट, सी, डी फ्लॅट, डी, ई फ्लॅट, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. म्हणून पाहा, प्रत्येक स्वरावर थांबून. ग वर कॉर्ड १ चीच असते, फक्त पाया ग चा. तीव्र म वर डिमिनिश्ड कॉर्ड येते, तिथे पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. प वर पुन्हा १ ची कॉर्ड, पाया प. ज्याला हे माहीत नाही तो प ऐकून ५ ची कॉर्ड समजतो, तिचे बाकीचे स्वर खाली भरायला जातो आणि वरच्याशी टक्कर होते. पुढे ध वर बहुतेकदा मेजर स्वरूपाची सेव्हन्थ असते, तिच्यात सा च्या लगेच वरचा कोमल रे असतो आणि तो शुद्ध रे कडे ओढ घेतो. ही ओढ एकदा कानाला कळली की पुढचा रे कुणी सांगावा लागत नाही. तीव्र म ऐकू आला की समजा, पुढचे पाच स्वर ठरलेले आहेत.

दुसरी वाट चौथ्या-चौथ्याने सरकणारी : नी – ग – ध – रे – प – सा, वादकांच्या भाषेत सात-तीन-सहा-दोन-पाच-एक. ऐकायला फार गुंतागुंतीची वाटते, पण बेसच्या तारा लावलेल्याच चौथ्याच्या अंतराने असतात, त्यामुळे ही वाट हातात अगदी घडीव बसते. ए फ्लॅटमध्ये करून पाहा : ई तारेवर तिसरा फ्रेट जी, ए तारेवर तिसराच फ्रेट सी. आता दोन फ्रेट मागे. पहिल्या फ्रेटवर ई तारेला एफ, ए तारेला बी फ्लॅट, डी तारेला ई फ्लॅट, जी तारेला ए फ्लॅट. सहा कॉर्ड, दोन फ्रेट. मला हे कुणी उशिरा दाखवलं, आणि ज्या दिवशी दाखवलं त्या दिवशी दोन वर्षांचा धाक गेला. हळूहळू, पायाने बारा मोजत वाजवा. दर वेळी पूर्ण वाट येतेच असं नाही, कधी ग पासून सुरू होते, कधी ध पासून. कुठूनही सुरू झाली तरी उतरते सा वरच.

तिसरी वाट साधी आहे : १ वरून ४ वर जाताना सा, रे, ग, म अशा पायऱ्या, आणि परत येताना उलट. पायऱ्या समेच्या आधीच्या ठोक्यांवर पडल्या पाहिजेत, म नेमका समेवर. पायऱ्या उशिरा सुरू केल्यात तर पोचायला उशीर होतो, म्हणून खात्री नसेल तर गाळा.

पट्टी चढते तिथे

शेवटाकडे एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागते, क्वायर तेच तीन-चार शब्द धरून राहतो आणि गायक त्यावर मोकळा होतो. हाच वॅम्प. किती वेळा येईल ते गायकालाही ठाऊक नसतं, त्यामुळे मोजू नका. इथून पुढे कागद नाही, फक्त हात आणि डोळे. पट्टी बहुधा याच भागात चढते, एकदा नाही, कधी तीनदा.

चढण्याआधी एक क्षण असतो. ड्रमर भरून वाजवतो आणि कीबोर्ड एका परक्या कॉर्डवर थांबतो. ती कॉर्ड म्हणजे येणाऱ्या पट्टीचा प. जुन्या सा च्या हिशोबाने ऐका : थांबा कोमल ध वर असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने चढणार, शुद्ध ध वर असेल तर पूर्ण स्वराने. ए फ्लॅटमध्ये असताना ई ची कॉर्ड लांबवली तर पुढे ए, एफची लांबवली तर पुढे बी फ्लॅट. शुद्ध ध मात्र पट्टीत एरवीही येत असतो, म्हणून तो किती लांबतोय ते बघा. नेहमीसारखा येऊन गेला तर पट्टी बदललेली नाही. कोमल ध अशी फसवणूक क्वचितच करतो.

आणि हाताचं काय? खुल्या तारा वर्ज्य केल्याचं फळ इथे मिळतं. मघाची पहिल्या फ्रेटवरची चार बोटं दुसऱ्या फ्रेटवर सरकवा, झालं, नवी पट्टी. आकार तोच, आकडे तेच. ज्याने एकेक स्वराची नावं पाठ केली होती तो या क्षणी मनात गणित करत बसतो, आणि वॅम्प त्याच्यासाठी थांबत नाही.

क्षण हुकलाच तर नवा सा शोधत तारांवर चाचपडू नका. बोटं तारेवर नुसती टेकवून 'टप' चालू ठेवा, क्वायरची ओळ समेवर येऊ द्या, त्यांच्या सगळ्यात खालच्या आवाजाबरोबर मनात सा म्हणा आणि मग स्वर द्या. एक फेरी बिनस्वराची गेली तर ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

शाउट, म्हणजे उपासनेतला जोशाचा वेगवान भाग, सुरू झालं आणि वॉकिंगला, म्हणजे दर ठोक्याला एक स्वर द्यायला, हात पुरत नसेल तर पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर उतरा. निम्म्या चालीचा बेस त्या वेगातही शोभतो. मागे-पुढे होणारा पूर्ण चालीचा बेस शोभत नाही.

शेवटाबद्दल एकच. एका अंत्यविधीच्या उपासनेत शेवटचा शब्द गायिकेने एकटीने म्हणायचा होता. सगळे थांबले, माझी नजर फ्रेटवर होती, आणि तिच्या त्या शब्दाखाली माझा ए फ्लॅट घुमत राहिला. तार थांबवली तोवर शब्द संपला होता. कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून वॅम्प सुरू झाला की मी मान वर ठेवतो आणि उजव्या हाताचा तळवा तारांच्या अगदी जवळ, म्हणजे मूठ दिसताच तो आडवा पडतो.

कान, ज्याला महिने लागतात

वरचं सगळं करूनही पट्टी चढलेली कळत नसेल किंवा म आणि प यांत फरक पडत नसेल, तर दोष खरोखर कानाच्या तयारीचा आहे आणि तो त्या संध्याकाळी सुटणार नाही. आठवड्याला एक छोटं भजन घ्या, ज्याच्यात १, ४ आणि ५ एवढ्याच कॉर्ड आहेत. बेसची ओळ आधी सरगममध्ये गा, मग वाजवा, मग बाराही पट्ट्यांत वाजवा, खुल्या तारेशिवाय. रेकॉर्डिंग पाऊण गतीने लावणारी अॅप आहेत, पट्टी न हलवता गती उतरवतात, त्यांच्यावर वॅम्पचा भाग ऐकून सा पुढे कुठे जाणार ते आधी म्हणून पाहा. गाता येतं तेच ऐनवेळी वाजतं, हा माझा ठाम अनुभव आहे. बोटांचा व्यायाम मी याच्यानंतर ठेवतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तारा जुळल्या, पण वरच्या फ्रेटवर स्वर बेसूर येतोय? बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून बघा. फरक असेल तर जुन्या तारा बदलून पुन्हा पाहा. तरी राहिला तर ब्रिजवरचं सॅडल (तार ज्यावर टेकते तो तुकडा) सरकवावं लागतं, आणि ते उपासनेच्या तासभर आधीचं काम नाही. त्या दिवशी खालच्या पाच फ्रेटमध्ये वाजवा. मान वाकली असेल आणि ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) सहज फिरत नसेल तर जोर लावू नका. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या.

माइकला ओठ लागल्यावर किंवा तारांना हात लावल्यावर झटका बसला तर वाजवणं तिथेच बंद. अर्थिंगचा दोष जिवावर बेतू शकतो, इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय पुन्हा जोडू नका. अॅम्प स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. मनगट किंवा बोटं बधिर होत असतील आणि विश्रांतीनेही जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, रियाज वाढवू नका.

आणि गाण्याचं. तालमीत दोनदा करूनही तीच जागा दोन्ही वेळा सुटली, किंवा गाणं बारीक लिहून बांधलेलं आहे, ठरलेल्या ठिकाणी सगळ्यांचे एकत्र आघात आहेत आणि तालीम नाहीच, तर ते गाणं तुम्ही वाजवू नका. रेकॉर्डिंग होणार असेल तर अनुभवी बेसवादकाचं नाव तुम्हीच सुचवा. हे क्वायरच्या प्रमुखांना उपासना सुरू व्हायच्या आधी सांगा, म्हणजे त्यांना सोय करता येते. स्टेजवर हात झटकून थांबलात तर करता येत नाही. दुसरा वादक नसेल तर ऑर्गनवाल्याकडे जा : "या एका गाण्याला खालचा भाग तुम्ही सांभाळता का?" तो सांभाळेल, त्याच्याकडे त्यासाठी पाय आणि डावा हात आहेतच. मग व्हॉल्यूम शून्यावर आणा, जागेवर उभे राहा, त्याचा पाय कुठे पडतोय ते ऐका, आणि पुढच्या गाण्याचा कागद वर काढून ठेवा.